मखमलीच्या पेटीतला कॉम्प्युटर

प्रमोद शेलारांच्या घरात नवी वस्तू आली की ती पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नसे. सोफा दुकानातल्या प्लास्टिकसकट आला आणि प्लास्टिकसकटच राहिला. त्यावरून उठणारा पाहुणा आजही चर्रकन आवाज करून उठतो आणि उगाच ओशाळतो. फ्रिजच्या मुठीला लोकरीचा मोजा, टीव्हीला झालरीचा झगा, मिक्सरला टोपडं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबरबँड, आणि त्या पिशवीवरूनच बटणं दाबायची. कुळगावातल्या त्यांच्या सोसायटीत लोक त्यांना मागून ‘कव्हरकाका’ म्हणत. शेलारांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. ज्यांच्या मोटारसायकली उन्हापावसात उघड्या पडलेल्या असत, अशा लोकांच्या मताला किती किंमत द्यायची?

त्यांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती, वस्तू सांभाळणारी आणि वस्तू वापरणारी. दुसऱ्या जातीची त्यांना कीव येई. कीव हा सभ्य शब्द झाला.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरचे हेडक्लार्क. स्टोअर वस्तू देण्यासाठी असतं, हे त्यांना कधीच पूर्ण पटलं नाही. मशीन बंद पडलं म्हणून धावत आलेल्या फिटरला ते आधी चष्म्यावरून बघत, मग म्हणत, ‘‘मागच्या महिन्यात दिलं होतं ना? त्याचं काय केलंत?’’ जणू त्या माणसाने बेअरिंग घरी नेऊन खाल्लं होतं. शेलारांच्या ताब्यातलं सामान गंजलं, नाही असं नाही. पण नीट नोंद होऊन, रांगेत, आपापल्या खणात गंजलं.

अशा माणसाच्या घरी मुलीच्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याची व्यवस्था काय झाली असेल ते वेगळं सांगायला नको. पडद्याला रेक्झिनचा अभ्रा शिवला. कीबोर्डवर पातळ प्लास्टिक ताणलं. मुख्य डब्याचा, म्हणजे ज्यात सगळा मेंदू असतो त्या सीपीयूचा, प्रश्न मात्र त्यांना गंभीर वाटला. त्यांनी ओळखीच्या सुताराकडून चांगल्या जाड प्लायवूडची पेटी करून घेतली. बाहेरून सनमायका, आतून लाल मखमल. दाराला आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या आणि पितळी कुलूप. मागे वायरी जाण्यापुरतं एक भोक होतं, त्यातून झुरळ शिरेल म्हणून त्यात जुना बनियन कोंबला. आणि पुढे, रोज उठून कुलूप उघडायला नको म्हणून, बटणाच्या नेमकं समोर एक बारीक भोक पाडलं. त्यातून संजीवनीची लोकर विणायची सुई आत घालायची आणि बटण दाबायचं. संजीवनी म्हणजे त्यांची बायको. तिची एक सुई तेव्हापासून कॉम्प्युटर खात्यात वर्ग झाली आणि तिचा स्वेटर अर्धाच राहिला.

दसऱ्याला त्या पेटीला झेंडूची माळ पडे. सुताराने काम संपवून वरखाली बघत एवढंच विचारलं होतं, ‘‘साहेब, देव्हारा म्हणायचा का हा?’’ शेलार सुताराशी फक्त मापांबद्दल बोलत.

पहिली काही वर्षं कॉम्प्युटर चालला. मग तो सुस्त होऊ लागला. चालू केला की सुरुवातीला ठीक असे; थोड्या वेळाने मात्र एखाद्या जाड माणसाने जिना चढावा तसा थांबत थांबत जाई. राजसी, म्हणजे मुलगी, एखादं पान उघडायला सांगून आईला भाजी निवडू लागे आणि परत येऊन बघे, तर ते गोल चाक फिरतंच आहे.

शेलारांनी आजाराचं निदान स्वतः केलं. प्रथम दोष इंटरनेटचा ठरला. मग व्हायरसचा. मग राजसीच्या कॉलेजच्या सहलीच्या फोटोंचा. ‘‘इतकी माणसं आत भरून ठेवलीस तर तो चालेल कसा?’’ असं म्हणून त्यांनी सगळी सहल पुसून टाकली. पोरगी दोन दिवस बोलली नाही. कॉम्प्युटरही पूर्वीइतकाच बोलेनासा राहिला. मग त्यांनी कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलेला उपाय धरला. पडद्यावर माउसचं उजवं बटण दाबून रिफ्रेश करायचं. सकाळी चहाच्या आधी ते खुर्चीत ताठ बसत आणि रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश असं करत राहत. कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, माणूस जप करतोय.

त्यांच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर सुजित नावाचा तरुण राहत असे. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा त्याचा धंदा. तो एकदा जिन्यात भेटला.

‘‘काका, राजसी म्हणत होती मशीन स्लो झालंय. घरी येऊन बघू का?’’

‘‘तुझ्या हेल्मेटची काच बघ आधी. तडकलीय. गाडीचा आरसा लोंबतोय. आणि तू माझा कॉम्प्युटर बघणार?’’

‘‘फक्त बघतो ना काका. बघण्याचं काही नाही घेत.’’

‘‘तेच तर. फुकट बघणारे नंतर काय काय काढून नेतात, ते मला माहीत आहे.’’

दुरुस्तीवाला घरात घेतला की तो आतला चांगला भाग काढतो आणि कचरा बसवून जातो, अशी शेलारांची ठाम समजूत होती. कारखान्यात फिटरांकडे ते ज्या नजरेने बघत त्याच नजरेने त्यांनी सुजितकडे पाहिलं आणि घरात शिरून दार लावून घेतलं.

त्यांची पद्धत वेगळी होती. सीपीयू पेटीतून काढायचा, जुन्या चादरीत बाळासारखा गुंडाळायचा, अख्खी रिक्षा करून उल्हासनगर कॅम्प दोनला न्यायचा. तिथे हरेशचं दुकान. एका बाजूला जीन्सच्या गठ्ठ्यांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला फरसाण, आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात हरेश उघड्यावाघड्या कॉम्प्युटरांच्या ढिगाऱ्यात बसलेला. तो ढिगारा पाहिला की शेलार चादरीतलं गाठोडं छातीशी धरत. एकावरही कव्हर नाही. तरी ते तिथेच जात, कारण हरेश समोर बसू देई. शेलार स्टुलावर बसत आणि त्याच्या हातांवर डोळे रोखत. निघालेला प्रत्येक स्क्रू ते स्वतःच्या रुमालात ठेवून घेत.

‘‘काका, खाऊन नाही टाकणार मी,’’ हरेश म्हणे.

‘‘तू तुझं काम कर.’’

हरेश झाकण काढी, ब्लोअरने फुंकर मारी, मशीन तसंच उघडं टेबलावर ठेवून चालू करी. वर पंखा गरगरत असे. आणि कॉम्प्युटर पळू लागे! शेलार तासभर बसून बघत. एकदाही अडकत नसे.

‘‘बघा, मख्खन. काही प्रॉब्लेमच नाही याला.’’

‘‘इथे चालतो. घरी नेला की दुसऱ्या दिवसापासून रडतो. तू इथे काहीतरी तात्पुरतं करतोस.’’

‘‘अरे काका, मी काय जादू करणार? घरी कुठे ठेवता? हवा-बिवा लागते ना याला?’’

‘‘हवा?’’ शेलार अभिमानाने हसले. ‘‘एकदम बंदोबस्तात आहे. हवेचा कणसुद्धा नाही लागत.’’

हरेशने त्यांच्याकडे पाहिलं. काका थट्टा करतायत असं समजून तोही हसला. मग त्याने ब्रशने पंख्याच्या पात्यांतून काहीतरी खरवडलं आणि चिमटीत धरून उजेडात नेलं. लालभडक केसांसारखा पुंजका.

‘‘हे काय निघतं दर वेळी? घरी कपड्याचं काम करता का?’’

शेलारांनी आपल्या पेटीतली मखमल ओळखली. पण आपल्या घरातली व्यवस्था कॅम्प दोनच्या एका दुकानदाराला समजावून सांगायची, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. ‘‘तुला काय करायचंय?’’ ते म्हणाले. ‘‘साफ केलंस ना? बस.’’

परत येताना रिक्षात चादरीतलं ते गाठोडं मांडीवर घेऊन ते मनात हरेशला शिव्या मोजत. हा मनुष्य मुद्दाम अर्धवट काम करतो. गिऱ्हाईक परत यावं म्हणून. घरी पोचले की सीपीयू पुन्हा मखमलीत, बनियन भोकात, कुलूप कडीत.

याच सुमारास राजसीने पुण्याच्या एका कंपनीकडे अर्ज केला. विम्याचे कागद तपासायचं काम, घरी बसून करायचं, निवड झाली की लॅपटॉप कंपनी देणार. बी.कॉम. झाल्यापासून ती सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन कंटाळली होती. ‘तुझं काय चाललंय सध्या?’ हा प्रश्न तिला जिन्यात, बाजारात, लग्नात, सगळीकडे भेटत होता. ही नोकरी तिला हवी होती, इतकी की तिने अभ्यासासाठी झोप कमी केली.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं कुणी दिसलं किंवा बोलल्याचा आवाज आला तर परीक्षा रद्द. पहिल्या वेळी कॉम्प्युटर निम्म्या वाटेवर असा काही गोठला की वेळ संपून गेली आणि पडद्यावर शेवटचा पाहिलेला प्रश्न तसाच राहिला. राजसीने कंपनीला विनवण्या केल्या. त्यांनी एक तारीख पुन्हा दिली आणि स्पष्ट कळवलं, यानंतर नाही.

‘‘मी खाली सुजितकडे बसून देते ना, बाबा. त्याच्याकडे चांगलं मशीन आहे. त्याची आई असते घरात.’’

‘‘स्वतःच्या घरात व्यवस्थित कॉम्प्युटर असताना दुसऱ्याच्या दारात जायचं? ते काही नाही. मी हरेशला सरळ करतो.’’

त्यांनी हरेशला सरळ केलं, म्हणजे दुकानात उभं राहून फरसाणवाल्यालाही ऐकू जाईल असं सुनावलं. हरेशने निमूटपणे पुन्हा लाल पुंजका काढला.

परीक्षेच्या रविवारी सोसायटीसमोरचा रस्ता खणलेला होता. काँक्रीटचं काम चालू, धुळीचे लोट. शेलारांनी खिडक्या लावल्या, फटींत कापड कोंबलं. राजसी टेबलाशी बसली. पायाशी पेटी. सुईने बटण दाबून कॉम्प्युटर चालू केला.

‘‘बाबा, आज तेवढं या पेटीचं दार उघडं ठेवू या का? आतून विमानासारखा आवाज येतो हो.’’

‘‘आवाज येतो म्हणजे चालू आहे. बाहेर धूळ बघितलीस? आजच्या दिवशी उघडायची म्हणजे शहाणपणच झालं.’’ त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि बाहेर येऊन खोलीचं दार लोटलं. जरा फट ठेवली. एखाद्या गोष्टीवर आपलं लक्ष नाही, हे त्यांना सहन होत नसे.

परीक्षा सुरू झाली. बराच वेळ टकटक ऐकू येत होती. संजीवनी ओट्याशी उभी राहून दाण्यांची सालं काढत होती, काहीही आवाज होऊ नये म्हणून. मग टकटक तुटक झाली. मग थांबली.

शेलारांनी फटीतून पाहिलं. पडद्यावर चाक फिरत होतं. राजसीची पाठ ताठ होती, चेहरा कॅमेऱ्याकडे. ती बोलू शकत नव्हती, वळू शकत नव्हती. तिने डावा हात हळूच खुर्चीच्या मागे आणला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली. उघडा. उघडा.

संजीवनीनेही ते पाहिलं. ‘‘अहो, ती दार उघडायला सांगतेय,’’ ती कुजबुजली.

‘‘शूऽ. आवाज जाईल.’’

‘‘पेटीचं दार म्हणते मी.’’

‘‘धूळ आहे.’’

‘‘गेल्या वेळी असंच झालं होतं. मी नंतर पुसायला गेले तर पेटीवर हात ठेववत नव्हता. तव्यासारखी तापली होती.’’

‘‘मशीन आहे ते. मशीन तापतंच. आमच्याकडे बॉयलर नाही का तापत?’’

‘‘बॉयलरला मखमल लावता का तुम्ही?’’

अशी भांडणं त्या घरात पूर्वीही झाली असतील, पण कुजबुजत झालेलं हे पहिलंच. दोघंही ओठ हलवत होते, हातवारे करत होते आणि घशातून फक्त वारा येत होता. शेलारांना ओरडायचं होतं. आयुष्यभर जी भांडणं जिंकली ती त्यांनी आवाजावर जिंकली होती, आणि आज नेमका आवाजच बंद. आवाजाशिवाय त्यांच्याजवळ ‘धूळ आहे’ एवढाच एक मुद्दा होता आणि तो ते फिरवून फिरवून मांडत होते.

आत हाताची मूठ पुन्हा उघडली. यावेळी ती उघडीच राहिली.

संजीवनीने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. न विचारता. इतक्या वर्षांच्या संसारात त्या खिशात तिचा हात कधी गेला नव्हता. धुण्याआधीसुद्धा शेलार तो स्वतः रिकामा करून देत. ते इतके चकित झाले की त्यांनी फक्त खिसा धरला. किल्ली निघून गेली होती.

कॅमेऱ्यात दिसायचं नाही, म्हणजे उभ्याने जायचं नाही. संजीवनीने पदर खोचला, एक हात भिंतीला धरून खाली बसली आणि रांगू लागली. तिचे गुडघे दुखरे. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबते. शेलार फटीतून बघत राहिले. आपली बायको लादीवरून, भिंतीच्या कडेने, टेबलाकडे रांगत निघाली आहे आणि आपण दाराशी उभे आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा की साडी खराब होईल.

राजसीने पाय वर उचलून घेतले. कुलूप उघडताना खट् झालं, त्याच क्षणी ती खोकली. दार उघडलं तसा संजीवनीच्या तोंडावर गरम हवेचा भपका आला, कुकरचं झाकण काढल्यासारखा. तिने मान वळवली, हाताने चाचपून मागचा बनियन ओढून काढला. पण दार सोडलं की सुताराच्या त्या चांगल्या बिजागऱ्या ते परत मिटवत होत्या. म्हणून ती पेटीला टेकून, दाराला पाय लावून, टेबलाखाली तशीच बसून राहिली. हातातल्या बनियनने ती आत वारा घालू लागली, तान्ह्या मुलाला घालावा तसा.

विमानाचा आवाज हळूहळू खाली आला. चाक दिसेनासं झालं. टकटक एकदा आली, थांबली, मग धो धो सुरू झाली.

शेलार दाराशी उभे होते. करण्यासारखं काहीच नव्हतं. खिसा रिकामा होता, तो ते अधूनमधून चाचपत होते.

परीक्षा पूर्ण झाल्याची सूचना पडद्यावर आली, कॅमेरा बंद झाला, तेव्हा राजसी खुर्चीवरून थेट टेबलाखाली शिरली. मायलेकी तिथे एकमेकींना धरून आधी हसल्या, मग काय ते कळेना असा आवाज येऊ लागला.

‘‘झाले सगळे प्रश्न?’’ आई विचारत होती.

‘‘सगळे नाही. पण बहुतेक झाले गं. पळाला शेवटी. पळाला!’’

शेलार आत आले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, फटीतल्या कापडाकडे पाहिलं, उघड्या पेटीकडे पाहिलं. आणि म्हणाले, ‘‘आता तरी दार लावून घे.’’

टेबलाखालून संजीवनीचं उत्तर आलं, ‘‘किल्ली माझ्याकडे राहील.’’

राजसीची निवड झाली. कंपनीकडून लॅपटॉप आला. तो आला त्याच दिवशी शेलार कॅम्प दोनला जाऊन दुहेरी अस्तराचं, चेन लावलेलं कव्हर शिवून घेऊन आले. राजसीने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, ‘‘छान आहे, बाबा,’’ म्हणाली आणि आईकडे दिलं. त्यात आता उपवासाचे पापड असतात. संजीवनीने पेटीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं, मखमल ओरबाडली आणि पेटी स्वयंपाकघरात नेऊन तिच्यात कांदे भरले. विणायची सुई तिला परत मिळाली. जुना कॉम्प्युटर टेबलावर उघडाच असतो आणि बऱ्यापैकी पळतो.

या सगळ्यातून प्रमोद शेलार काही शिकले का, असं कुणाला वाटत असेल तर त्याने त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसावं. चर्र आवाज अजून होतो. राजसीच्या नोकरीबद्दल अभिनंदन करायला कुणी आलं की ते पाय दुमडून बसतात आणि सांगतात, ‘‘अहो, कॉम्प्युटरने ऐनवेळी दगा दिला असता. पण मी आदल्या आठवड्यात त्या कॅम्प दोनवाल्याला असा काही झापला! तेव्हा कुठे त्याने काम नीट केलं. या लोकांच्या डोक्यावर बसल्याशिवाय काही होत नाही.’’

संजीवनी आत कांदा चिरत असते. ती बाहेर येत नाही. पाहुणा उठतो, सोफा वाजतो, आणि शेलार जिन्यापर्यंत त्याला पोचवून परत येताना दाराच्या नव्या बेलला घातलेली प्लास्टिकची पिशवी नीट करतात.